गोलकीपरचा डावा गुडघा

मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा असताना मी त्यांना फुटबॉलचे सामने बघायला जालन्याला नेलं. वडीगोद्रीत लोकांना वाटलं, बापाला लेकरांची हौस भारी. हौस होती, पण ती लेकरांची नव्हती आणि खेळाचीही नव्हती. जालन्याच्या संघाचा गोलकीपर मला हरलेला बघायचा होता.

तो आणि मी जालन्यात एका गल्लीत वाढलो. दोघांचेही वडील कापसाच्या जिनात कामाला, म्हणून शाळा सुटली की आम्ही जिनाच्या आवारात. बारा वर्षांचे असताना तो पैजेवर रुईच्या गाठींच्या थप्पीवरून उडी मारायला गेला आणि डाव्या पायावर वाकडा पडला. मी त्याला पाठीवर घेऊन नदीपलीकडच्या हाडवैद्याकडं पोचवलं. पंधरा दिवस पाला बांधल्यावर तो चालायला लागला, पुढं पळायलाही लागला. पण वैद्यानं बजावलं होतं, "हा गुडघा एकाएकी वाकायचा न्हाई. वाकवला तर तिथंच बसशील." बाहेर आल्याबरोबर त्यानं मला आईची शपथ घातली. "कोणाला बोलायचं न्हाई. जन्मभर लंगडा म्हणतील." मी बोललो नाही.

पुढं आम्ही दोघं त्याच जिनात लागलो आणि गावाच्या संघात खेळायला लागलो. तो गोलात, मी डावा बॅक. त्याचे हात सुपाएवढे होते. वरून आलेला चेंडू तो झाडाचा आंबा तोडावा तसा सहज काढायचा. लोक वेडे व्हायचे. पण डाव्या बाजूला, जमिनीलगत आलेला चेंडू त्याला आडवता यायचा नाही. तेवढ्या चपळाईनं तो वाकूच शकायचा नाही. तो चेंडू माझा. मी त्या कोपऱ्यातून हलायचो नाही. आम्ही दोघांनी मिळून एक गोलकीपर केला होता, असं म्हटलं तरी चालेल. नाव मात्र एकाचंच व्हायचं, आणि त्याचं मला त्या वेळी काही वाटत नव्हतं.

मुलगी पोटात होती त्या वर्षी आम्ही शेवटच्या सामन्यात पोचलो. समोर परभणीचा संघ. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. आमचा उजवा बॅक पडला म्हणून मी मधे सरकलो, आणि नेमका तेवढ्यात चेंडू डाव्या कोपऱ्याकडं निघाला, जमिनीलगत. तो खांबासारखा उभा. मी जिवाच्या आकांतानं पळालो, घसरत गेलो, चेंडू माझ्या नडगीला लागला आणि आत गेला. नडगी लागली नसती तरी तो आतच जाणार होता. त्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

 मग त्यानं हात वर करून माझ्याकडं बोट केलं.

"ह्यानं घातला! काल सांजच्याला परभणीवाल्यांसंगं हाटेलात बसल्ता हा. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं!"

बसलो होतो, हे खरं. त्यांच्यातला एक खेळाडू माझ्या मामाच्या गावचा. मामाचा निरोप घेऊन आला होता, म्हणून चहा प्यायलो. पण ते ऐकायला कोण थांबतो? "फितूर, फितूर" अशी आरोळी उठली. कोणीतरी सुतळीत चपला ओवल्या. तो हार माझ्या गळ्यात घालून मला छावणीच्या मैदानापासून बाजारापर्यंत चालवत नेलं. मी पाय ओढत चाललो होतो आणि तोंडात एकच वाक्य होतं, 'त्याचा गुडघा वाकत न्हाई.' ते वाक्य बोललो असतो तर हार उतरला असता. बोललो नाही. अर्धं शपथेमुळं, आणि अर्धं ह्या भरवशावर, की रात्र गेली की त्याला लाज वाटेल आणि सकाळी तोच चार लोकांत सांगेल.

चार दिवस मी दाराकडं बघत बसलो. तो आला नाही. पाचव्या दिवशी कोणीतरी आमच्या अंगणात मूठभर काचेच्या बांगड्या फेकल्या. बायकोला सातवा महिना होता. ती खाली बसली, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून तुकडा न् तुकडा वेचून काढला. जिनातून मला काढून टाकलं. वडिलांनी घराबाहेर पडणं सोडलं. ते मार्गशीर्षात गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की हे खरं का खोटं. विचारलं असतं तर मी शपथ मोडली असती. न विचारताच गेले, म्हणजे त्यांनी ते खरं धरलं होतं.

वडील गेल्यावर गुडघ्याचं मी एकट्या बायकोला सांगितलं. आम्ही तिच्या माहेरी, वडीगोद्रीला आलो. मेव्हण्यानं बटईनं जमीन दिली. आठ वर्षं मी नांगर धरला, आणि त्या आठ वर्षांत एकही आठवडा असा गेला नाही, की ज्यात मी त्याला मनातल्या मनात मातीत लोळवलं नसेल.

आणि त्याचं नाव माझ्या घरात कुठून यावं? पोरांकडून. गावातल्या मास्तरांनी सामने बघितले होते. त्यांनी पोरांना त्या गोलकीपरच्या गोष्टी सांगितल्या. पोरं चिंध्यांचा चेंडू करून देवळामागं खेळायची आणि गोलात जो उभा राहील तो त्याचं नाव लावायचा. माझा मुलगाही. संध्याकाळी माझ्याच ताटात जेवायला बसून म्हणायचा, "आज मी जालन्याचा गोलकीपर झाल्तो."  बायको खाली बघून भाकरी थापत राहायची.

त्या वर्षी खबर आली, जालना पुन्हा जोरात आहे आणि शेवटचा सामना जुम्म्याला, शुक्रवारी आहे. निजामाच्या राज्यात सुट्टी तेव्हाच असायची. मी म्हटलं, जातो. लेकरांनाही नेतो.

बायको म्हणाली, "लेकरं कशाला? जायचं तर एकटे जा."

"एकटा गेलो तर लोक म्हणतील फितूर आला. लेकरं संगं असली की माणूस नुसता बाप दिसतो."

 तिनं धपाटे बांधून दिले, दाण्याची चटणी दिली, पोराच्या टोपीला नवी नाडी लावली. जाताना एवढंच म्हणाली, "तोंड उघडायचं असलं तर ह्या खेपेला उघडा."

गुरुवारी पहाटे अंबडपर्यंत बैलगाडी आणि तिथून सर्विस मोटार. मोटारीत मुलीला मळमळलं आणि मुलगा ड्रायव्हरच्या मागं उभा राहून भोंग्याचा आवाज काढत राहिला. दोघंही मला बापू म्हणायची, आणि सबंध वाटेनं 'बापू, आलं का?' एवढंच चाललं होतं. जालन्यात बायकोची मावशी स्टेशनजवळ राहायची, तिच्याकडं गठुडं टाकलं आणि दुपारी शेवटच्या आधीचा सामना बघायला मैदानावर गेलो.

आठ वर्षांनी मी त्या मैदानावर पाय ठेवत होतो. चुन्याच्या रेघा नव्या मारल्या होत्या. चहूकडून दोरी ताणलेली, एका अंगाला साहेब लोकांसाठी शामियाना आणि खुर्च्या, दुसऱ्या अंगाला पोलिसांचा बँड. भोंगा घेतलेला माणूस उर्दूत लोकांना मागं सरकायला सांगत होता आणि कोणी सरकत नव्हतं. उसाच्या गंडेऱ्या, फुटाणे, लाल सरबत. मुलगा म्हणाला, "एवढे माणसं कुठून आले?" त्यानं अंबडच्या बाजारापलीकडं गर्दी पाहिली नव्हती.

लहान लेकरं घेऊन सामना बघणं म्हणजे सामना सोडून बाकी सगळं बघणं, हे मला त्या दुपारी कळलं. मुलाला खांद्यावर घेतलं तर मागचे ओरडायचे, खाली ठेवलं तर त्याला लोकांच्या पाठी दिसायच्या. मुलीला तहान लागली. सरबत आणलं तर ते पोरानं तिच्या परकरावर सांडलं. ती रडायला लागली. ती गप्प होते न होते तोच ह्याला लघवी लागली. त्याला बाभळीमागं नेलं आणि तेवढ्यात गोल झाला. मैदान दणाणलं आणि आम्ही दोघं बाभळीला तोंड करून उभे. पण खरं सांगायचं तर मला गोलाचं काही नव्हतं. मी तिथूनही त्यालाच शोधत होतो.

तो दिसला. थोडा जाडावला होता, पण हात तेच. वरून आलेला एक चेंडू त्यानं एका हातानं असा टिपला, की माझ्या शेजारचा म्हातारा स्वतःच्याच मांडीवर थाप मारून "वा रे पठ्ठ्या" म्हणाला. मी डाव्या बाजूला बघितलं. तिथं रेल्वेतला एक कोवळा पोरगा बॅकला होता. एकोणीस-वीस वर्षांचा, गोरा, चपळ. तो त्या कोपऱ्यातून हलत नव्हता. म्हणजे ह्यानं त्यालाही तेच सांगून ठेवलं होतं, कोपरा सोडू नको. का, ते मात्र सांगितलं नसणार.

जालना जिंकलं. लोक आत धावले आणि त्या रेट्यात माझा हात सुटला. बघतो तर मुलगा नाही. मुलगी एका हाताशी, आणि मी वेड्यासारखा हाका मारत सुटलो. शेवटी मुलीनंच त्याला दाखवलं. दोरीखालून घुसून तो थेट गोलामागं जाऊन बसला होता, आणि आता गोलकीपर त्याला कडेवर घेऊन उभा होता.

"अरे, कोणाचं लेकरू हाये हे? म्हणतंय मला तुमच्यावानी व्हायचंय!" तो हसून लोकांना विचारत होता. मुलाच्या हातात चेंडू दिला होता. मुलाच्या तोंडावर जो आनंद होता तसा मी त्याला कधी दिला नव्हता.

मी पुढं झालो. त्यानं मला ओळखलं. हसू क्षणभर थांबलं, मग पुन्हा आलं. मुलाला खाली ठेवून त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, आजूबाजूला वीसेक माणसं ऐकत असताना.

"तू व्हय? किती वर्सानं! लेकरं मोठे झाले की रे." आणि मग मोठ्या मनानं म्हणाला, "झालं गेलं इसरून जाय, दोस्ता. म्या तर तुला कव्हाच माफ केलं."

लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "दिलदार माणूस हाये."

मी मुलाचा हात धरला आणि तिथून निघालो.  आठ वर्षांत मी खूप गोष्टी मनात रंगवल्या होत्या. तो पाया पडतो, मी लाथाडतो. तो मरतो, मी जात नाही. पण तो मलाच माफ करील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. घरून निघताना मला तो फक्त हरलेला बघायचा होता. त्या वाक्यानंतर मला तो माझ्या हातानं हरवायचा होता.

शेवटच्या सामन्यात जालन्यासमोर पुन्हा परभणीच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही मुलांना घेऊन परभणीचा संघ उतरला होता त्या शाळेकडं गेलो. मावशी म्हणाली, "लेकरं ठेवून जा." मी ठेवली नाहीत. लेकरं बरोबर असलेल्या माणसाला कोणी अडवत नाही.

शाळेमागच्या विहिरीवर खेळाडू आंघोळी करत होते. माझ्या मामाच्या गावचा तो खेळाडू आता त्यांचा कप्तान झाला होता. त्यानं मला बघताच बादली खाली ठेवली.

"तुमी? चहा पाजल्यापाई तुमचं काय झालं ते ऐकलं व्हतं म्या. लई वाईट वाटलं."

मुलगा विहिरीच्या रहाटाशी खेळायला गेला. मुलगी माझं धोतर धरून उभी होती. मी तिला म्हटलं, जा, भावाकडं बघ. ती दोन पावलं गेली आणि थांबली. मी पुढं बघितलं नाही.

"त्यांचा गोलकीपर," मी म्हणालो, "डाव्या अंगाला वाकू शकत न्हाई. गुडघा लहानपणीच गेलाय. वरून एक बी मारू नका. डावीकडं, खालून. आन् त्या रेल्वेच्या पोराला आधी मधे वढून घ्या."

 कप्तानाच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"तुमाला हे आधीपासून ठावं व्हतं?"

"हो."

"मंग त्या दिशी, हार घातला तव्हा का न्हाई बोलले?"

"तव्हा तो माझा दोस्त व्हता."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "असं जिंकणं बराबर न्हाई वाटत," तो म्हणाला. पण त्यानं तिथंच दोघा पुढच्या खेळाडूंना हाक मारली. मी मागं वळलो. मुलगी होती तिथंच उभी होती. "काय म्हणले तुमी त्यायला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मामाची खुशाली विचारली."

दुपारी कालच्या दुप्पट लोक होते. झाडांवर, गाड्यांवर, शाळेच्या कौलांवर माणसं. मी मुद्दाम त्याच्या डाव्या गोलखांबाच्या रेषेत जागा धरली. मुलाला खांद्यावर घेतलं, मागचे ओरडले तरी उतरवलं नाही. त्याला सगळं दिसावं असं मला वाटत होतं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी मला तसंच वाटत होतं.

पहिल्या अर्ध्यात जालन्यानं गोल केला. माझ्या खांद्यावर मुलगा नाचत होता, त्याच्या टाचा माझ्या छातीवर आपटत होत्या. परभणीवाले वरूनच मारत होते, हा टिपत होता, लोक नाचत होते. मला वाटलं, कप्तानानं ऐकलं नाही. मी दातओठ खात उभा होतो.

हाफटाइमला बाजू बदलल्या तसा मीही दोरीच्या कडेनं पुन्हा त्याच्या डाव्या खांबाकडं सरकलो. थोड्या वेळानं परभणीचा एक जण उगाच मधे चेंडू घेऊन घुटमळला. रेल्वेचा पोरगा त्याच्याकडं ओढला गेला. गोलकीपर ओरडला, "कोपरा! कोपरा सोडू नको!" पण तोवर चेंडू सुटला होता. डावीकडं, जमिनीलगत, फार जोरातही नाही. एखाद्या पोरानं आडवला असता असा. तो अर्धा वाकला आणि तिथंच राहिला. चेंडू त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून आत गेला.

 मी ओरडलो नाही, हसलो नाही. फक्त ती वीतभर जागा पुन्हा पुन्हा बघत राहिलो. तेवढ्यात माझ्या धोतराला हिसका बसला. मुलगी खालून माझ्याकडं बघत होती.

"डावीकडं, खालून," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं काढून घेतलं.

दुसरा गोल तसाच झाला. ह्या वेळी त्यानं जीव खाऊन झेप टाकली आणि गुडघ्यावर आपटला. उठायला त्याला खांब धरावा लागला. शिट्टी वाजली. बँडवाले वाजवायचं विसरले. मुलगा माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून रडत होता. त्याची आसवं माझ्या कपाळावरून ओघळत होती आणि मी मनात म्हणत होतो, झालं. आज झालं.

पण झालं नव्हतं.

लोक आत घुसले ते गोलकीपरकडं गेलेच नाहीत. त्यांनी त्या रेल्वेच्या पोराला धरलं. "कोपरा का सोडला? कोणी सांगितलं तुला? फितूर झाला का?" कोणीतरी त्याची कॉलर धरली, कोणीतरी पायातली चप्पल काढली. मी आठ वर्षांपूर्वी जिथं उभा होतो तिथून चार हातांवर तो पोरगा उभा होता. त्याला नीट बोलताही येत नव्हतं, नुसतं "न्हाई, न्हाई" करत होता.

मला बोलायला हवं होतं. मुलगा खांद्यावर, मुलगी हाताशी, आणि मी गप्प. मला वाटलं, बघू, आता हा काय करतो. ह्याचीही लाज उघडी पडू दे. त्या पोरासाठी माझ्या मनात दया होती, पण तिच्यावर हे बसलं होतं.

गोलकीपर लंगडत आला. लोकांना बाजूला सारून तो त्या पोराच्या पुढं उभा राहिला.

"त्याला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "माझा गुडघा गेलाय. आज न्हाई गेला, लहानपणीच गेल्ता. ह्या अंगाचा चेंडू मला कव्हाच आडवता आला न्हाई."

एक जण म्हणाला, "काहीबाही काय सांगता? मंग इतके वर्सं?"

"इतके वर्सं माझ्या बदल्यात दुसऱ्यानं आडवला."

त्याची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. त्याला कळलं होतं. त्याच्या लेखी तो गुडघा जगात दोघांनाच ठाऊक होता, हाडवैद्य तर केव्हाच वारला होता. त्यानं आता बोट केलं असतं आणि फितूर म्हटलं असतं तर ह्या वेळी ते शंभर टक्के खरं होतं. मी मुलाचे पाय घट्ट धरून उभा राहिलो. त्यानं बोट केलं नाही. नजर खाली घातली आणि त्या पोराच्या खांद्याचा आधार घेऊन शामियान्याकडं चालत गेला. लोकांनी वाट दिली.

सगळे म्हणतील, तिथं माझा राग विझला असेल. उलट झालं. तेच चार शब्द! त्याला ते बोलता येत होते. एका परक्या पोरासाठी, ज्याला तो दोन वर्षंही ओळखत नव्हता, त्याच्यासाठी ते त्याच्या तोंडातून एका श्वासात निघाले. माझ्यासाठी निघाले नव्हते. माझ्या बापासाठी निघाले नव्हते. त्या दिवशी त्याला हे येत नसेल, भ्याला असेल, असं मी आठ वर्षांत अधूनमधून स्वतःला समजावायचो. तेवढीही समजूत त्यानं माझ्याकडं ठेवली नाही.

शनिवारी आम्ही परतलो. वाटेत मुलगा म्हणाला, "मी मोठा झालो की त्यायच्या डाव्या अंगाला उभा राहीन."   अंबडला बैलगाडीत बसताना मुलगी माझा हात न धरता चढली.

घरी बायकोनं ताटं वाढली. "कसं झालं?" तिनं मला विचारलं, पण उत्तर मुलीनं दिलं.

"परभणीवाले जिंकले. बापूनं त्यायला सांगितलं, कुठून मारायचं ते."

बायकोच्या हातातली पळी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. खरं तर कोणीतरी बोलावं असं मला वाटत होतं.

"बराबर केलं," ती म्हणाली. "मला नेलं असतं तर म्याच सांगितलं असतं." आणि माझ्या ताटात वरणावर आणखी तूप सोडलं.

मुलगी ताटावरून उठली आणि बाहेर जाऊन गोठ्यापाशी बसली. तिला बोलवायला बायको गेली, मी गेलो नाही. मी जेवलो. पोटभर जेवलो, हे मला नीट आठवतं.

तो पुन्हा कधी गोलात उभा राहिला नाही. दोनदा त्यानं मोटारीच्या ड्रायव्हरजवळ निरोप पाठवला, एकदा येऊन भेट म्हणून. मी गेलो नाही. लोकांनी हळूहळू हिशेब जुळवला असावा, कारण नंतर जालन्याला गेलो की जुने काही जण माझ्याशी आपणहून बोलायचे, एकानं तर बाजारात हात धरून माफी मागितली. मी त्यांना रामराम केला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "ज्यायनं ऐकायला पाह्यजे व्हतं ते तर गेले." तिच्या मनात माझे वडील होते.

पुढं मुलगी लग्न होऊन जालन्यालाच गेली. एकदा माहेरी आली होती, निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. धान्य निवडता निवडता मला म्हणाली, "ते भेटतात कधीमधी. काठी घेऊन चालतात. बापू कसे हायेत, विचारतात."

"मंग तू काय सांगती?"

"बरे हायेत म्हणते."

मी सुपातले खडे बाजूला करत होतो. 

"न्हाई सांगायचं," मी म्हणालो. "त्यानं इचारलं तरी, मी कसा हाये ते न्हाई सांगायचं."

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सूप उचललं आणि आत गेली.